मनोज नावाचा माझा नवरा

"दुसऱ्याच्या कार्डावर माणसाला बोटीत पाठवू नकोस, रंजिता. उद्या काही झालं तर रडायचं कुणाच्या नावाने?"

सासूबाई अंगणात बोंबील उलटत होत्या. त्यांना आम्ही आय म्हणतो. मी ओट्यावर बसून स्वराच्या टाळूला तेल लावत होते. तीन महिन्यांची होती ती. मी हसले.

"आय, समुद्रात कार्ड बघतो कोण? बंदरावर नोंद करतात, झालं."

"बघणारा भेटला म्हणजे?"

"तुम्ही पण ना! रेडिओ ऐकत जाऊ नका एवढा."

आयने काठीवरचा एक बोंबील कुत्र्याला टाकला आणि आत गेली.

आमचं चिंचखाडी गाव समुद्राच्या अगदी तोंडाशी आहे, गुजरातची हद्द तासाभरावर. आमचे पुरुष दिवाळी करून ओख्याला जातात, तिथल्या बोटींवर खलाशी म्हणून. त्या वर्षी माझ्या नवऱ्याचं, कल्पेशचं, मच्छीमाराचं कार्ड अर्ज करून सात महिने झाले तरी आलं नव्हतं. कार्डाशिवाय बोटीवर घेत नव्हते. त्याचा चुलतभाऊ मनोज, दोन घरं सोडून राहणारा, कावीळ होऊन पडला होता आणि त्याचं कार्ड घरात होतं. दोघांची नाकं एकसारखी, कार्डावरचा फोटो धुरकट. कल्पेश मनोजच्या कार्डावर गेला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती बोट पाकिस्तानच्या गस्तीने पकडली आणि सात जणांना कराचीच्या तुरुंगात नेलं.

बोटीचे कागद त्यांच्या हातात, कागदात मनोजचं कार्ड. तांडेलने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, सगळ्यांना बजावलं होतं, कार्डावर जे आहे तेच सांगा. कल्पेशने तेच सांगितलं. आपल्या वकिलातीचा माणूस तुरुंगात भेटायला आला तेव्हा पहारेकरी शेजारी उभे होते. त्यालाही तेच सांगितलं. मग दिल्लीहून कागद निघाला, आणि मे महिन्यात आमच्या पोलीस ठाण्याचा हवालदार मनोजच्या दारात येऊन उभा राहिला. मनोज दामोदर दवणे इथलाच का? मनोज समोर लुंगीवर उभा! घाबरून म्हणाला, मी इथेच आहे साहेब, कराचीत कोण असेल मला काय ठाऊक. हवालदाराने शेरा मारला: ओळख पटली नाही. आणि ज्याची ओळख पटत नाही त्याचं नाव सुटकेच्या यादीत जात नाही.

कराचीतला मनोज म्हणजे कल्पेश, हे मला ठाऊक होतं. तरी मी गप्प होते. का, ते सांगते, पण आधी त्या दुपारचं.

सहा वर्षं झाली त्याला. नोव्हेंबर संपत आला होता. तीन आठवड्यांपूर्वी सीमेवर हल्ला होऊन आपले जवान मारले गेले होते. आणि दहा दिवसांनी आपले मंत्री आणि त्यांचे मंत्री तिसऱ्याच देशात समोरासमोर बसणार होते, आधीच ठरलेलं. बैठकीतला पहिला विषय मच्छीमारांचा. भेट रद्द करा म्हणून देशभर ओरड चालली होती. आमच्या खासदारांनी मच्छीमार सोसायटीच्या मैदानावर सभा ठेवली. फलकावर मोठ्या अक्षरांत 'चर्चा नको, उत्तर हवं'.

कार्यकर्ता भावेश घरी आला होता. "वहिनी, दोनच वाक्यं बोलायची. माझा नवरा तिकडे आहे, तरी मी म्हणते झुकू नका. बस. आणि स्वराला घेऊन या. लहान पोर कडेवर असलं की लोक ऐकतात."

गावातली चार घरं होती तुरुंगाची. त्याने मलाच निवडलं, कारण मी बी. ए. झालेली, तेही राज्यशास्त्र घेऊन. मी हो म्हटलं. मनात वेगळंच ठरवलं होतं. माइक हातात आला की म्हणायचं, भेट होऊ द्या. समोर खासदार असताना, सगळ्या गावासमोर. मग काय व्हायचं ते होवो.

सभा चारची. साडेचारला मंडपात मी, स्वरा आणि स्टेजच्या मागे ठेवलेल्या सोफ्यावर एक म्हातारे गृहस्थ. मागे बर्फाच्या कारखान्यात लाद्या फुटत होत्या, त्या आवाजाने स्वरा दचकत होती.

"किती वाजताची वेळ दिली होती तुम्हाला?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"चार."

"मला साडेतीन. शाळेत असता तर बाहेर उभा केला असता खासदाराला."

ते भोईर गुरुजी. आंबेशेतचे, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा एकुलता मुलगा प्रदीप दोन वर्षांपूर्वी सीमेवर लढताना गेला. भाषणाच्या आधी त्यांचा सत्कार होता. मी नमस्कार केला. त्यांनी स्वराकडे बघितलं.

"हिला झोप आलीय. कान ओढतेय बघा."

"तिला गर्दीत झोप लागत नाही."

"तुम्ही काय बोलणार आज?"

"त्यांनी लिहून दिलंय."

"लिहून मलाही दिलंय. तुम्ही काय बोलणार ते विचारतोय."

मी आजूबाजूला बघितलं. भावेश लांब, लाउडस्पीकरवाल्याशी भांडत होता. "चर्चा व्हावी, असं बोलणार."

गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मग आपल्याला एका सोफ्यावर चुकून बसवलंय."

मला हसू आलं आणि भीतीही वाटली. "तुम्हाला नको वाटते?"

"प्रदीप गेला त्याच्या आदल्या महिन्यात असेच दोन मंत्री भेटले होते. हसत हात मिळवले. फोटो पेपरात आला. मी कापून शाळेच्या फळ्यावर लावला, मुलांनी बघावा म्हणून. मुलगा गेल्यावर शाळेत जाऊन मीच काढला तो." ते सावकाश बोलत होते, वर्गात बोलावं तसं. "बोलणारा समोरच्याला वेळ देतो, बाई. त्यांनी तो वेळ वापरला. आता पुन्हा द्यायचा?"

"आणि न बोलून काय मिळतं, गुरुजी?" माझा आवाज चढला. "माझा माणूस गेलेला नाही. तो रोज जेवतो, झोपतो. त्याची दाढ दुखायची, अजून दुखत असेल. त्याला आणायचा तर कुणाला तरी कुणाशी तरी बोलावंच लागेल. एका खलाशासाठी सैन्य जात नाही."

"तेवढ्यासाठी मंत्र्याने हसत हात मिळवायचे?"

"हसू नका म्हणावं. हातही मिळवू नका. नुसतं बोला."

त्यांना राग आला असेल असं वाटलं. पण त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. भाषणासाठी त्यांना जिल्ह्यातल्या पकडलेल्या खलाशांची यादी दिली होती.

"नाव काय यजमानांचं?"

"कल्पेश. कल्पेश रामचंद्र दवणे."

बोट खालपर्यंत गेलं, पुन्हा वर आलं. "नाही यात."

"असेल. नीट बघा."

"मी नीटच बघतो. चिंचखाडीचे चार आहेत. एक मनोज दामोदर दवणे, पुढे शेरा, ओळख पटली नाही. कल्पेश कुणी नाही."

मी स्वराचा मोजा सारखा करू लागले. तो सारखाच होता.

"चौतीस वर्षं मुलं बघितलीत," गुरुजी म्हणाले. "काय ते सांगा. मी खासदाराचा माणूस नाही."

माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं ते मी त्या अनोळखी म्हाताऱ्याला सांगितलं. कार्ड, तांडेल, हवालदार. आणि मी गप्प का, तेही. तांडेलच्या बायकोने मला पहिल्याच महिन्यात घरी बोलावून सांगितलं होतं, खरं नाव बाहेर काढू नकोस. दोन नावांचा माणूस म्हणजे हेर. मच्छीमाराला ते दोन-तीन वर्षांनी सोडतात, हेराला सोडत नाहीत. बोलले तर तो हेर, नाही बोलले तर तो कुणीच नाही. रोज सकाळी ठरवायचे, आज ठाण्यात जाते. स्वराला दूध पाजेपर्यंत धीर संपायचा.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे दिल्लीने शत्रूशी बोलावं, आणि तुम्ही दिल्लीशीसुद्धा बोलणार नाही."

मी स्वराला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"दिल्ली शत्रू आहे का तुमची?"

"नाही. भीती वाटते."

"मंत्र्यालाही वाटत असेल," ते म्हणाले. "चर्चा नको असंच माझं मत आहे, ते सोडत नाही मी. पण समजा ती झालीच, तर तुमचा मंत्री तिथे कुणाचं नाव घेणार? मनोजचं? तो तर घरात बसलाय."

बर्फाची एक लादी धाडकन फुटली. स्वरा रडायला लागली. मी तिला खांद्यावर घेतलं आणि उभी राहिले.

"अर्ज कसा लिहायचा?"

"बसा आधी." त्यांनी खिशाचं पेन काढलं, भाषणाचा कागद उलटा केला. "विषय लिहा. अर्जाला विषय नसला की तो कुणीच वाचत नाही. तारीख टाका. मराठीत लिहा, दिल्लीला कळवायला त्यांच्याकडे माणसं आहेत."

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. स्वरा मांडीवर होती, म्हणून अक्षर वाकडं आलं. मधे म्हणाले, "'कृपा करून' खोडा. 'नोंद घ्यावी' लिहा. तुम्ही भीक मागत नाही, माहिती देताय." अर्ज पूर्ण झाल्यावर त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून वाचला.

"नुसती तुमची सही चालणार नाही. ज्याचं कार्ड, त्याची सही लागेल. कार्ड माझं, तिथे गेलेला मी नव्हे, असं त्याने लिहून द्यायला हवं. कुठे राहतो हा मनोज?"

"दोन घरं सोडून."

"मग जा की."

"बोलत नाही आम्ही. मे महिन्यापासून."

गुरुजींनी घड्याळ बघितलं. "खासदार अजून तासभर येत नाही. मुलीला ठेवून जा माझ्याकडे."

"नको," मी म्हटलं. तिला मी कुणाकडे ठेवत नसे. ती नजरेआड झाली की मी लगेच हाका मारायचे, कल्पेश बोटीत बसला त्या दिवसापासून.

मनोजच्या दारात त्याची बायको जागृती तांदूळ निवडत होती. मला बघून तिने सूप खाली ठेवलं नाही.

"काय आहे?"

"दादा आहेत घरात?"

"परत शाप द्यायचाय का? मग इथूनच दे. पोरं शाळेतून येतील आत्ता, त्यांच्या कानावर पडायला नको."

मे महिन्यात हवालदार गेल्यावर मी याच दारात उभी राहून ओरडले होते. तुमच्या घरचा पण एक जाऊ दे, मग कळेल. त्यांच्या पोरांसमोर. सगळी आळी ऐकत होती.

"ताई, सही हवीय दादांची," मी म्हटलं आणि अर्ज पुढे केला.

मनोज आतून आला. बारीक झाला होता. अर्ज वाचताना त्याचे ओठ हलत होते. मग त्याने कागद माझ्याच हातात परत दिला.

"केस होईल माझ्यावर. कार्ड जाईल. पुढचा मोसम घरी बसू? आणि आधीच गावभर तूच सांगितलंस, मनोजने कार्ड गळ्यात मारलं म्हणून. आता सरकारलाही सांगायचंय?"

खरं होतं ते. बोट पकडल्याची बातमी आली त्या दिवशी बायका घरी जमल्या आणि मला विचारलं, कार्ड कुणी दिलं? मी म्हटलं, मनोजदादांनीच दिलं, एक माणूस कमी पडतोय म्हणून मागेच लागले होते. तेव्हापासून मनोजच्या घरी हळदीकुंकवाचं आमंत्रण जायचं बंद झालं. आयला खरं माहीत होतं. तिने कधी तोंड उघडलं नाही. पण माझ्या हातचा चहा पिताना माझ्याकडे बघायची नाही.

मी उंबऱ्यावर बसले. स्वरा सुपातले तांदूळ उधळायला लागली, जागृतीने तिला अडवलं नाही.

"दादा, तुम्ही तापात होतात," मी म्हटलं. "मी आले, ताई पाण्याला गेल्या होत्या. पत्र्याच्या डब्यात कार्ड होतं. मी उचललं. नंतर कल्पेशला म्हटलं, दादांनी दिलंय. तो तुम्हाला विचारायला येत होता, मीच म्हटलं, झोपलेत, उठवू नकोस. हे मी आज सगळ्यांसमोर सांगणार आहे. माइकवर. तुम्ही सही करा अगर नका करू, ते मी सांगणारच."

मनोज माझ्याकडे बघतच राहिला. "म्हणजे त्याला ठाऊकच नाही? अजून त्याला वाटतंय मी दिलं?"

"हो."

जागृती उठून आत गेली. डबे सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तीन पाकिटं होती.

"ही आली होती. माझ्या नावाने."

तुरुंगातून त्यांना पत्र लिहू देत. पण तिथे कल्पेश हा मनोज होता, आणि मनोजची बायको जागृती. तो मला पत्र लिहूच शकत नव्हता. म्हणून त्याने तिला लिहिलं होतं.

"पहिलं आलं तेव्हा मी द्यायला निघाले होते," जागृती म्हणाली. "तेवढ्यात तू दारात येऊन ओरडलीस. मग म्हटलं, राहू दे. बसू दे हिला वाट बघत." तिने पाकिटं माझ्या मांडीवर ठेवली. "वाचली आहेत मी. दुसऱ्याच्या बायकोने वाचायची नव्हती ती."

मी एक उघडलं. त्याचंच अक्षर, उजवीकडे वर चढत जाणारं.

'प्रिय जागृती, मी बरा आहे. इथे तेरा जण एका खोलीत आहोत, जेवण मिळतं. आपली मुलगी चालायला लागली का? पडली तर लगेच उचलू नकोस, तू घाबरतेस म्हणून ती रडते. आयच्या गुडघ्याला शेक दे. तू बारीक झालीस का? रागावू नकोस, मला दुसरं काही लिहिता येत नाही, तू समजून घे. तुझा, मनोज.'

मनोज-जागृतीला दोन मुलगे आहेत. मुलगी नाही.

मनोजने माझ्या हातातून अर्ज काढून घेतला. भिंतीला टेकवून सही केली.

"साक्षीदार कोण?" त्याने विचारलं.

"तयार झाले तर आहेत एक जण. तुम्ही चला माझ्याबरोबर. अंगात शर्ट घाला."

"स्टेजवर नाही येणार मी."

"खाली उभे राहा. पण दिसाल असे उभे राहा."

आम्ही मैदानावर पोहोचलो तेव्हा खासदारांच्या गाड्या लागल्या होत्या आणि फटाके वाजत होते. गुरुजींचा सत्कार उरकला होता, शाल अजून गळ्यात होती. अर्ज त्यांच्यासमोर धरला. त्यांनी मनोजला नखशिखान्त न्याहाळलं, त्याच्या तोंडून "होय, सही माझीच" असं वदवून घेतलं आणि साक्षीदार म्हणून खाली सही केली. शांताराम गोविंद भोईर, निवृत्त मुख्याध्यापक.

"दाखवू नका आत्ताच कुणाला," ते म्हणाले. "नाहीतर म्हणतील, निवेदन सोसायटीच्या कार्यालयात द्या."

भावेशने माझं नाव पुकारलं. मी उठले, आणि मग स्वराला गुरुजींच्या हातात दिलं. कडेवर पोर नको होतं मला. ती रडली नाही, त्यांची शाल ओढायला लागली.

माइक उंच होता. समोर पाच-सहाशे माणसं, अर्धी माझ्या आळीची.

"मला दोन वाक्यं बोलायला सांगितली होती," मी म्हटलं. "ती मी बोलणार नाही. मंत्र्यांनी त्यांना भेटावं, असं माझं म्हणणं आहे. तोंडावर भेटावं आणि तोंडावर विचारावं, आमची माणसं कुठे आहेत. पण ते विचारतील तेव्हा माझ्या नवऱ्याचं नाव घेऊ शकणार नाहीत. कारण ते नाव मी लपवलंय."

खाली कुजबुज झाली. भावेश माइककडे यायला लागला. मी माइकचा दांडा धरला.

"माझा नवरा कल्पेश रामचंद्र दवणे. तो तिकडे मनोज दामोदर दवणे या नावाने आहे. खरे मनोजदादा हे उभे आहेत. त्यांनी कार्ड दिलं, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं आहे. ते तापात असताना त्यांच्या डब्यातून मी उचललं. ते चोर नाहीत, त्यांची बायको चोर नाही. मी आहे. हा अर्ज. त्यांची सही आहे. खासदारसाहेबांनी आत्ता, इथे घ्यावा."

कुणी टाळी वाजवली नाही. खासदार हसत उठले, भावेशला खूण केली आणि माइक हातात घेतला. "ताईंच्या भावना आम्ही समजू शकतो. अर्ज कार्यालयात..."

"साहेब," मागून आवाज आला. गुरुजी स्वराला कडेवर घेऊन स्टेजवर आले होते. त्यांना माइक लागत नव्हता. "मघाशी माझ्या गळ्यात तुम्ही शाल घातलीत. माझं मत तुम्हाला माहीत आहे. चर्चा नको. उद्याही नको. पण या बाई चर्चा मागत नाहीत तुमच्याकडे. एका भारतीय माणसाचं नाव सांगताहेत. ते घ्यायला कुठल्या पक्षाचं काय अडतं?"

आता टाळ्या पडल्या. जागृतीही खाली येऊन उभी राहिली होती, पण ती वाजवत नव्हती. आय शेवटच्या रांगेत होती.

खासदारांनी अर्ज घेतला. फोटोवाल्याने फोटो काढला. स्टेजवरून उतरताना ते माझ्याजवळ थांबले, हळू आवाजात म्हणाले, "सभा मोडलीत माझी. उद्या मी दिल्लीत ही भेट रद्द करा म्हणून बोलणार आहे. आणि तुमचा अर्ज त्याच भेटीत जावा म्हणून परवा द्यायचा. कळतंय का तुम्हाला काय मागताय?"

"कळतंय, साहेब. दोन्ही करा."

त्यांनी मान हलवली. रागावले होते, पण अर्ज त्यांनी सचिवाकडे दिला नाही. घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला. आणि खरोखर दोन्ही केलं. लोकसभेत भेटीविरुद्ध अकरा मिनिटं बोलले, आणि अर्ज परराष्ट्र खात्यात स्वतः नेऊन दिला. मला पोच आली.

भेट झाली. चाळीस मिनिटांची. पेपरांनी लिहिलं, काहीच निष्पन्न झालं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते गोड नाही. दोन नावांमुळे कल्पेशला तिथे वेगळ्या खोलीत ठेवून चार महिने चौकशी केली. तांडेलची बायको चुकीचं बोलत नव्हती. ते चार महिने माझ्यामुळे झाले, हे मी त्याला सांगितलं आहे. मनोजचं कार्ड रद्द झालं, दोन मोसम तो बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलत होता. माझी ठाण्यात पाच वेळा जबानी झाली. पुढच्या वर्षी आपल्या बाजूने त्यांचे खलाशी सोडले, त्यांनी आपले. पहिल्या यादीत कल्पेश नव्हता. दुसऱ्या यादीत होता, बावन्नावा, स्वतःच्या नावाने. घरी आला तेव्हा स्वरा पावणेतीन वर्षांची होती. तिने त्याला "काका, पाणी हवंय?" असं विचारलं.

तो आधी मनोजच्या घरी गेला. तासभर होता तिथे. काय बोलले मी विचारलं नाही.

भोईर गुरुजी मात्र राहिले. दर रविवारी सकाळी दहाला त्यांचा फोन यायचा. इतक्या वर्षांत एकही रविवार चुकला नाही. आमचं कधीच पटलं नाही. कुठे दोन देशांची भेट ठरली की ते मला पेपरातलं वाचून दाखवायचे आणि भांडायचे. "बघा, पुन्हा वेळ दिला!" मी म्हणायचे, "गुरुजी, बावन्नावा माणूस माझ्या स्वयंपाकघरात चहा पितोय." ते म्हणायचे, "तो अपवाद." मग स्वराला पाढे विचारायचे.

शेवटचा फोन महिन्यापूर्वी. नुकतीच एक ठरलेली बोलणी मोडली होती. मला वाटलं, आज जोरात असतील. पण ते म्हणाले, "वाचलंत ना? थांबवली. मला वाटलं होतं बरं वाटेल." मग म्हणाले, "नाही वाटलं. एवढंच सांगायचं होतं." आणि फोन ठेवला. पाढे विचारले नाहीत.

त्यानंतरचे तीन रविवार फोन आला नाही. मी लावते, वाजत राहतो. शेजारचा नंबर माझ्याकडे नाही. कल्पेश समुद्रावर आहे, आता स्वतःच्या कार्डावर. मला पाच महिन्यांचा मुलगा आहे आणि त्याला ताप आहे, बसने चार तास नेता येत नाही.

आंबेशेतच्या आसपास तुमच्यापैकी कुणी राहत असाल, तर एकदा जाऊन या. शाळेच्या मागचं निळ्या दाराचं घर. ते दारातूनच सांगतील, मी ठीक आहे. ऐकू नका. आत जा, बसा, चहा मागा. तुमचं मत त्यांच्यापेक्षा वेगळं असलं तर तेही सांगा, म्हणजे ते बोलतील. आणि मला कळवा.